भेंडीचा शेंडा आणि साबुदाण्याची फिल्म : प्रकल्प नोंदी, मे ते ऑक्टोबर २०२४

२४ मे, शुक्रवार

पहाटे साडेपाचला ससून डॉक. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. कोळंबीची टरफलं आत्ता नाही घेतली तर थेट ऑगस्टमध्ये, आणि तोवर माझं अर्धं वर्ष गेलेलं असेल. १८७५ सालची ही गोदी. दगडी कमानीतून आत शिरलं की पायाखाली बर्फाचं पाणी आणि दोन्ही बाजूंना कोळंबी सोलत बसलेल्या बायका. बोटं इतकी वेगानं चालतात की नखाखाली काय होतंय ते दिसतच नाही.

एका मावशींकडे टरफलं मागितली. "खताला नेतेस का?" म्हटलं, नाही मावशी, भाजी टिकवायला पातळ कागदासारखं काहीतरी करायचंय. त्यांनी शेजारणीला हाक मारून सांगितलं, "ऐकलंस का? ही म्हावऱ्याच्या सालीत भाजी बांधणार!" दोघी पोट धरून हसल्या. पैसे घेतले नाहीत. घट्ट झाकणाच्या बादलीत सहा किलो.

सीएसएमटीहून मालडब्यात बसले. झाकण घट्ट होतं, तरी मस्जिदला पोचेपर्यंत माझ्या आजूबाजूची जागा रिकामी झाली.

३१ मे, शुक्रवार

प्रबंधाच्या प्रस्तावात "फळे व भाज्या" असं मोघम लिहिलं होतं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते खोडून शेजारी लिहिलं, "एकच. कोणती?"

भेंडी निवडली. तोडल्यावरही ती जोरात श्वास घेत राहते. भाज्यांमध्ये तिचा श्वसनवेग फार वरचा आहे. पाणीही भराभर सोडते. फ्रीजमध्ये टाकून सुटका नाही, कारण ७ अंशांच्या खाली गेली की तिला थंडी बाधते, अंगावर खड्डे पडतात, डाग काळे होतात. तिला हवं ७ ते १० अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता. तसं मिळालं तर आठवडाभर, कधी दहा दिवसही टिकते. मुंबईतल्या हातगाडीवर हे कोण देणार? तिथं तिचं आयुष्य दोन, फार तर तीन दिवस.

दुसरं कारण मॅडमना सांगितलं नाही. भेंडी ताजी आहे का हे तपासायचं यंत्र मुंबईतल्या प्रत्येक बाईच्या अंगठ्यात आहे. शेंडा मोडून बघायचा. टचकन तुटला तर कोवळी, वाकला तर जून. कडकपणा मोजणारं महागडं टेक्श्चर ॲनालायझर यापेक्षा फार वेगळं काही सांगत नाही, फक्त न्यूटनमध्ये सांगतं.

१० जून, सोमवार

टरफलांचा आठवडा. वाळवून, कुटून आधी ४ टक्के कॉस्टिक सोड्यात गरम करून प्रथिनं काढली, मग हायड्रोक्लोरिक आम्लात टाकून चुना. टरफलात कॅल्शियम कार्बोनेट इतकं असतं की आम्ल पडताच फेस उसळतो. मी एकदम ओतलं आणि बीकरमधून फेस ओट्यावर, ओट्यावरून काकांच्या चपलांवर. काका आमच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं आहेत. त्यांनी नुसतं फडकं दिलं.

उरलं ते कायटिन. ते ५० टक्के कॉस्टिकमध्ये १०० अंशांवर चार तास शिजवलं की त्याचे ॲसेटिल गट गळतात आणि कायटोसान होतं; फिल्ममध्ये घालायचं ते हेच. जमलं की नाही याची परीक्षा सोपी आहे : १ टक्का ॲसेटिक आम्लात विरघळलं पाहिजे. विरघळलं. किंचित गुलाबी, मधासारखं दाट. सुक्या टरफलांच्या किलोमागे साधारण १७० ग्रॅम हाती आलं.

काल, ९ तारखेला, मान्सून मुंबईत आला. प्रयोगशाळेतले सगळे खूश आहेत. मला मात्र धास्ती आहे.

१४ जून, शुक्रवार

पहिल्या फिल्म.

खरं सांगायचं तर फिल्म ओतणं म्हणजे कुरडया-पापडांच्याच घरातलं काम. टॅपिओका स्टार्च, म्हणजे साबुदाणा ज्याचा करतात तोच, ४ ग्रॅम घेऊन १०० मिली पाण्यात ढवळत गरम करायचा. पासष्ट-सत्तर अंशांच्या आसपास दुधी पाणी अचानक पारदर्शक होतं, चमक येते, चमचा जड होतो. पुस्तकात याला जिलेटिनायझेशन म्हणतात. आई याला "चीक शिजला" म्हणते, आणि तिला थर्मामीटर लागत नाही. मी दोनदा कच्चा काढला. फिल्ममध्ये पांढरे कण राहिले. तिसऱ्यांदा तापमानाकडे न बघता चिकाकडे बघितलं.

त्यात कायटोसानचं १ टक्क्याचं द्रावण निम्मं-निम्मं, आणि स्टार्चच्या वजनाच्या ३० टक्के ग्लिसरॉल. एका ट्रेमध्ये ग्लिसरॉल मुद्दाम घातलं नव्हतं. ती फिल्म सोलताना अक्षरशः पोह्याच्या पापडासारखी फुटली. ग्लिसरॉल स्टार्चच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींवर सरकू देतं, म्हणून फिल्म वाकते. फार घातलं तर घाम येतो.

बुडबुडे. बुडबुड्यांनी जीव नकोसा केला. आता मिश्रण रात्रभर ठेवून मगच ओतते.

जाडी मायक्रोमीटरवर सरासरी ८० मायक्रॉन. कडेला जास्त, मध्ये कमी. ओटा समतल नाही. काकांनी ट्रेखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि वर पाण्याची बाटली आडवी ठेवून लेव्हल बघितली. जमलं.

२६ जून, बुधवार

अपेक्षेप्रमाणे. बाहेर आर्द्रता ८५च्या वर, आणि आठवड्याभरापूर्वीच्या छान कडक फिल्म आज एकमेकींना चिकटलेल्या, लुळ्या. ग्लिसरॉल हवेतलं पाणी ओढतं, स्टार्चही ओढतो. उलट एसी खोलीत राहिलेला तुकडा शिळ्या भाकरीसारखा ताठ झालाय. आणि कारणही भाकरीचंच : स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकत्र येऊन घट्ट बसतात.

म्हणजे मी नेमकी कोणती फिल्म मोजतेय? सकाळची की दुपारची? मॅडम म्हणाल्या, "हवेला दोष देऊ नकोस, हवा बांधून घाल." तर हवा बांधली. डेसिकेटरच्या, म्हणजे हवाबंद काचेच्या भांड्याच्या, तळाशी मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण ठेवलं की आतली आर्द्रता ५२-५३ टक्क्यांवर स्थिर राहते, साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणानं ७५ वर. बाहेर धो-धो पाऊस असला तरी आत तेच. प्रत्येक तुकडा आता ४८ तास आत बसणार, मगच मोजायचा.

बाष्प किती आरपार जातं ते कपांच्या पद्धतीनं : कपात ओलावा शोषणारं सुकं कॅल्शियम क्लोराइड, तोंडावर फिल्म मेण लावून बसवलेली, कप ७५ टक्क्यांच्या डब्यात, दर दोन तासांनी वजन. रात्री दहाचं वजन करून दहा-सत्तावीसची डोंबिवली पकडणं हा आता नित्यक्रम.

आकडे अपेक्षेइतकेच वाईट. पॉलिथिनच्या तुलनेत आमची फिल्म बाष्प रोखते असं म्हणणंच धाडसाचं. पाण्यावर प्रेम असलेल्या रेणूंपासून बनलेली भिंत पाणी कसं अडवणार?

९ जुलै, मंगळवार

काल, ८ जुलैला, मध्यरात्रीपासून सकाळपर्यंतच्या सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिलीमीटरच्या वर पाऊस. रुळांवर पाणी, गाड्या ठप्प. डोंबिवली फलाटावर दोन तास उभी राहून घरी परतले.

आज पोचले तर फिल्म वाळवायचा ओव्हन गार. शनिवारी संध्याकाळी ट्रे आत ठेवले होते, त्यानंतर कधीतरी एमसीबी पडला. म्हणजे ओल्या फिल्म अडीच दिवस ३० अंशांच्या दमट पेटीत. दार उघडलं आणि वास आला. नुसत्या स्टार्चच्या तिन्ही ट्रेमध्ये काळी-हिरवी बुरशी, पण कायटोसानच्या तिन्ही ट्रे स्वच्छ. एक ठिपका नाही.

धावत मॅडमकडे गेले. कायटोसान बुरशीला रोखतं हे वाचून माहीत होतं, पण वाचणं वेगळं आणि अपघातानं डोळ्यांसमोर दिसणं वेगळं.

मॅडमनी ट्रे बघितले, चहा संपवला आणि विचारलं, "स्टार्चच्या ट्रेमध्ये ॲसेटिक आम्ल होतं का?"

नव्हतं. कायटोसान विरघळवायला आम्ल लागतं, म्हणून ते फक्त कायटोसानच्याच ट्रेमध्ये होतं. व्हिनेगरही बुरशीला रोखतं. लोणच्यात आपण दुसरं काय करतो? मी ज्याला शोध म्हणत होते ते कदाचित लोणचं होतं.

फोटो काढून ठेवलेत.

१५ जुलै, सोमवार

तोच अपघात पुन्हा, या वेळी ठरवून. तीन प्रकारचे ट्रे : नुसता स्टार्च; स्टार्च अधिक आम्ल; स्टार्च, आम्ल आणि कायटोसान. ओव्हन बंद. आम्लाच्या ट्रेमध्ये बुरशी दोन दिवस उशिरा आली, पण आली. कायटोसानवर पाचव्या दिवशीही नाही. थोडं लोणचं आणि थोडा शोध.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. सुट्टी. ज्यांच्याकडून भेंडी घेते त्या दादर स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या मावशी वारीला गेल्यात, जागेवर त्यांची सून बसते. भेंडीची चाचणी पुढच्या सोमवारपासून.

२५ जुलै, गुरुवार

तीन गट, प्रत्येकी २५० ग्रॅम : उघडी, पातळ पॉलिथिनमध्ये, आमच्या पिशवीत. आमची फिल्म पॉलिथिनसारखी उष्णतेनं धड चिकटत नाही, पण कडेला ओलं बोट फिरवून दाबलं की पाकिटाच्या गोंदासारखी बसते. तापमान खोलीचं.

चौथ्या दिवसाचा हिशोब. उघडी : सुकली, शिरा वर आल्या, शेंडे वाकतात. पॉलिथिनमधली : वजन जवळपास तेवढंच, पण आतून पाण्याचे थेंब, देठाजवळ काळं आणि बुळबुळीत. आमची : थेंब नाहीत, काळं फार कमी, वीसपैकी अकरा शेंडे टचकन तुटले. फिल्म मात्र भेंडीला टेकली तिथं ओली होऊन फाटली.

आनंद झाला. पॉलिथिन ओलावा कोंडतं, उघड्यावर तो उडून जातो, आमची फिल्म मधला रस्ता काढते. प्रबंधाचं मुख्य वाक्य सापडलं असं वाटलं.

मावशी वारीहून परतल्यात. फोटो दाखवायला घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून तिन्ही फोटो नीट पाहिले.

"ही सुकलेली कुणाची?"

"ही उघडी ठेवलेली, मावशी. तुलनेला."

"अगं पोरी, उघडी ठेवतंच कोण भेंडी? आम्ही काय येड्या हाय का?"

त्यांच्या पाटीवर बघितलं. भेंडीवर ओलं गोणपाट. बोलता-बोलता त्यांनी तांब्यातून पाण्याचा हबका मारला. रोज बघत होते मी हे. दोन महिने.

१ ऑगस्ट, गुरुवार

चार गट. नवा गट : ओलं गोणपाट, दर दोन तासांनी हबका. दिवसा मी आणि धाकटा सहकारी आळीपाळीनं, रात्री वॉचमनकाका. त्यांना काय सांगितलं ते लिहीत नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी गोणपाट जिंकलं. दुसऱ्या दिवशीही. वजनातली घट आमच्या फिल्मपेक्षा निम्मी, शेंडे वीसपैकी सतरा. कारण उघड आहे : पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, गोणपाटाखालचं तापमान खोलीपेक्षा तीनेक अंश कमी होतं. आमची फिल्म काही थंड करत नाही.

तिसऱ्या दिवशी गोणपाटाखाली काळं पडायला लागलं. सततच्या ओलीचा परिणाम. पण तिसरा दिवस मावशींच्या पाटीवर येतच नाही. त्यांचा माल दीड दिवसात संपतो.

संध्याकाळी बराच वेळ नुसती बसले होते. फुकटच्या गोणपाटापुढे टरफलं, कॉस्टिक, ओव्हन, दोन महिने.

२ ऑगस्ट, शुक्रवार

मॅडमना सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. विचारलं, "गोणपाटावर पाणी कोण मारतं?"

मावशी.

"आणि मावशींच्या आधी?"

उत्तर शोधायला दुपारी पुन्हा दादर. मावशींनी सगळा प्रवास सांगितला. पालघर किंवा नाशिककडे भेंडी दुपारनंतर तोडतात, हातमोजे घालून, कारण तिच्या लवेनं अंग खाजतं. एक दिवसाआड तोडणी, नाहीतर जून होते. क्रेट भरून रात्री टेम्पोत. पहाटे दोन-तीनला वाशीच्या बाजारात. तिथून दादर, पाच वाजता. म्हणजे झाडावरून पाटीवर यायला बारा-चौदा तास, आणि त्यात पाण्याचा हबका मारणारं कुणी नसतं. "टेंपोतनं येते तवाच निम्मी मरून येते. मी काय, मेलेलीला पाणी पाजते."

म्हणजे फिल्मची जागा पाटीवर नाहीच. गिऱ्हाइकाच्या हातातही नाही; त्याच्याकडे कापडी पिशवी असते किंवा असायला हवी, २०१८ पासून राज्यात पातळ पिशव्यांवर बंदी आहेच. जागा आहे क्रेटच्या आत, रात्रीच्या टेम्पोत. पिशवी नको, अस्तर हवं.

एक फायदा लगेच कळला. बंद पिशवीत मला ऑक्सिजन संपण्याची भीती होती. तो संपला की भाजी आंबते, दारूसारखा वास मारते. कोरड्या स्टार्च-कायटोसान फिल्ममधून ऑक्सिजन फारसा जात नाही. सुईनं भोकं किती पाडायची यावर तीन पानं लिहून झाली होती. वरून सैल झाकलेल्या अस्तराला हा प्रश्न जवळपास नाहीच. तीन पानं काढली. वाईट वाटलं नाही.

६ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून श्रावण.

अस्तराचा नमुना मावशींना दाखवायला नेला. त्यांनी तो बोटांत धरला, उजेडाकडे करून बघितला, कौतुक केलं. मग विचारलं, "कशाची केलीस गं?"

साबुदाण्याची म्हणाले. ते खरंच होतं. पण त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि अर्धं सांगून गप्प बसणं मला जमेना. सांगितलं : आणि थोडी कोळंबीची टरफलं.

त्यांनी तुकडा पाटीवर नाही, माझ्या हातात परत दिला. रागावल्या नाहीत. तांब्यातलं थोडं पाणी हातावर घेतलं. "माझं सोड. समोरच्या इमारतीत सगळे जैन हायेत. त्यांना मी सांगू का नको? सांगितलं तर घेणार न्हाईत. न्हाई सांगितलं तर मी पापात."

ससून डॉकवर त्या दोघी का हसल्या होत्या ते आज कळलं. त्यांना पहिल्या मिनिटाला कळलं होतं.

७ ऑगस्ट, बुधवार

मॅडमचं म्हणणं : धर्म बाजूला ठेवला तरी कवचधारी जिवांची ॲलर्जी असते, आणि अन्न लेबलिंगच्या नियमांत ती सांगावीच लागते. सुट्या भेंडीवर लेबल कुठं चिकटवणार?

पर्याय लिहून काढले. ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून काढलेलं कायटोसान मिळतं, ते शाकाहारी. पण १०० ग्रॅमची किंमत विचारली आणि फोन ठेवला. पेक्टिन. अगार. सोडियम अल्जिनेट, तपकिरी समुद्रशेवाळापासूनचं. अल्जिनेटची एक खुबी आहे : कॅल्शियम मिळालं की त्याच्या साखळ्या कॅल्शियमला मध्ये धरून घट्ट बांधल्या जातात आणि फिल्म पाण्यात विरघळत नाही. आमची फिल्म ओली होऊन फाटते, ते दुखणं इथंच बरं होऊ शकतं.

बुरशीरोधक गुण मात्र जाणार. ९ जुलैचा अपघात प्रबंधात एक प्रकरण म्हणून राहील, अस्तरात नाही. जीवावर येतंय.

१४ ऑगस्ट, बुधवार

अल्जिनेट २ टक्के, टॅपिओका २ टक्के, ग्लिसरॉल. वाळल्यावर २ टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात तीन मिनिटं. (कपांत ओलावा शोषायला वापरते तेच कॅल्शियम क्लोराइड. यंदा या एका बरणीवर संसार चाललाय.)

द्रावणातून काढून वाळवली तर काच. वाकवताच फुटली. डोकं खाजवलं, मग लक्षात आलं की बुडवलं तेव्हा ग्लिसरॉलच पाण्यात निघून गेलं. आता दोन उपाय करतेय : द्रावणातच ग्लिसरॉल घालायचं, किंवा न बुडवता फवारायचं. फवारा बरा. इस्त्रीवाल्याकडे असते तशी बाटली, पंचेचाळीस रुपये.

पाण्यात रात्रभर ठेवलेला तुकडा सकाळी फुगलेला पण अख्खा.

२१ ऑगस्ट, बुधवार

बाष्प रोखायला मेण. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांवर वितळतं, घालायला सोपं. घालणार तेवढ्यात धाकटा सहकारी म्हणाला, "जैन लोक मधही खात नाहीत ना?" शाबास. कारनौबा मेण घेतलं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं. ते ८२ अंशांच्या वर वितळतं, म्हणजे मिश्रण तितकंच गरम ठेवून होमोजिनायझर, म्हणजे जोरात घुसळणारं यंत्र, फिरवावा लागतो. जरा गार झालं की मेणाचे दाणे वेगळे तरंगतात. पहिल्या दोन खेपा वाया. तिसरी जमली : फिल्म दुधी झाली, आरपार दिसत नाही, पण बाष्प पारगमन जवळपास निम्म्यावर आलं. क्रेटच्या अस्तरातून आरपार बघायचंय कुणाला?

२९ ऑगस्ट, गुरुवार

खताची चाचणी, तीन आठवड्यांनंतर. मैत्रिणीच्या सोसायटीच्या गच्चीवर ओल्या कचऱ्याचे ड्रम आहेत. नायलॉनच्या जाळीत तीन नमुने पुरले होते : आमची जुनी कायटोसानची फिल्म, पीएलए या जैवप्लास्टिकचा तुकडा, आणि बाजारात "१००% बायोडिग्रेडेबल" असं हिरव्या अक्षरांत छापलेली एक पिशवी.

आमची : जाळीत चिकट तपकिरी डाग, बाकी काही नाही. पीएलए : जसाच्या तसा. त्यात आश्चर्य नाही. त्याला औद्योगिक कंपोस्टातले ५८ अंश लागतात, गच्चीवरचा ड्रम तेवढा तापत नाही. हिरवी पिशवी : धुऊन वाळवली असती तर पुन्हा वापरता आली असती. तिच्यावर ना आयएस १७०८८ या कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या भारतीय मानकाचा उल्लेख, ना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक; नुसतं एक पान काढलेलं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा गटारं तुंबवल्याचा ठपका पिशव्यांवर आला होता. गटाराच्या तोंडाशी अडकलेल्या पिशवीवर पान छापलंय की नाही हे पाणी बघत नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या गणपती, परवा ऋषिपंचमी. ऋषीच्या भाजीसाठी भेंडीचे भाव असे चढलेत की चाचणीसाठी चार किलो घेताना मावशींनीच विचारलं, "आज कशाला? पुढल्या आठवड्यात ये की." पुढल्या आठवड्यातही नाही. काम बंद, मोदक सुरू.

२० सप्टेंबर, शुक्रवार

खरी चाचणी. मावशींच्या ओळखीनं पालघरकडचा एक शेतकरी तयार झाला. बुधवारी दुपारी चारला त्याच्या शेतात पोचले. सहा क्रेट : दोन नेहमीसारखे उघडे, दोनांना पॉलिथिनचं अस्तर, दोनांना आमचं. क्रेटच्या मापाची एक अखंड फिल्म माझ्या ट्रेमध्ये मावत नाही, म्हणून चार-चार तुकडे ओल्या बोटानं जोडलेले. शेतकरीदादा बघत होते. म्हणाले, "गोधडीच की."

रात्री टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून वाशी. मनोरच्या पुढं पाऊस. पहाटे पावणेतीनला काट्यावर वजन.

उघड्या क्रेटमध्ये घट सर्वांत जास्त, वरच्या थरातल्या भेंड्या मऊ. पॉलिथिनमध्ये वजन सगळ्यांत चांगलं राहिलं, पण हात घातला तर आत उबारा; श्वास घेणारी पंधरा किलो भाजी स्वतःची उष्णताही बाहेर टाकते, आणि ती कोंडली होती. आमच्या क्रेटमध्ये वजनातली घट उघड्याच्या साधारण निम्मी, आत गार. शेंडे : उघड्यात वीसपैकी नऊ, पॉलिथिनमध्ये पंधरा, आमच्यात सोळा. सोळा आणि पंधरात फरक आहे असं मी म्हणणार नाही. दोन क्रेटवरून तर नाहीच.

जोड मात्र दोन ठिकाणी उसवले, आणि हमालानं क्रेट ओढला तेव्हा कोपरा फाटला. फाटका तुकडा त्यानं बघितला, चुरगळला, फळीखाली टाकला. मी उचलला नाही. पावसात पडू दे, बघू.

२४ सप्टेंबर, मंगळवार

खर्चाचा अंदाज मांडला. अल्जिनेट आणि मेण मिळून क्रेटमागे जेवढा खर्च येतो तो पॉलिथिनच्या अस्तराच्या कितीतरी पट आहे. अल्जिनेट १ टक्क्यावर आणून टॅपिओका वाढवला तर? ताण सहन करायची ताकद कमी होईल, पण कोपरे दुमडून दुहेरी केले तर चालेल कदाचित. मॅडम म्हणाल्या, "कदाचित हा शब्द मोजून ये."

४ ऑक्टोबर, शुक्रवार

साठ बाय चाळीस सेंटिमीटरची काच परळच्या काचवाल्याकडून कापून आणली, कडा घासून. काकांनी तिला चारी बाजूंनी ॲल्युमिनियमची पट्टी बसवून ट्रे केला, गळत नाही. लेव्हल आता खऱ्या स्पिरिट लेव्हलनं. पहिली अखंड फिल्म उद्या निघेल, पाऊणशे मायक्रॉनच्या आसपास अपेक्षित.

वाशीतला तो फळीखालचा तुकडा पंधरा दिवसांनी बघायला गेले होते. फळीच हलवली होती.

दादरला मावशींना नवी फिल्म दाखवली, आधीच सांगितलं : साबुदाणा, समुद्राचं शेवाळ, झाडाचं मेण. "शेवाळ म्हंजे पाल्यातलंच की," त्या म्हणाल्या. "मग ही उपासाला पण चालंल." कालपासून त्यांचे नवरात्राचे उपास आहेत. दोन तुकडे त्यांनी ठेवून घेतले, भेंडीला नाही, कोथिंबिरीला. गोणपाटाखाली कोथिंबीर सडते म्हणाल्या. कोथिंबिरीचं वजन करून दिलंय : १८० आणि १८४ ग्रॅम. उद्या सकाळी सातला जाऊन पुन्हा करायचं.